दक्षिणेची खुर्ची

काल भाची जेवायला आली आणि नेमकी खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसली. मी सवयीने बोलून गेले, "अगं, तिथे नको. दक्षिणेकडे तोंड करून जेवायचं ते आई नसलेल्यांनी."

"मला चालतं," म्हणत माझ्या सुनेने, मीनलने, हसत आपलं ताट तिथे ठेवलं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी जन्मभर भूगोल शिकवला. वर्गात दक्षिण म्हणजे नकाशाची खालची बाजू, आणि घरी आलं की तीच दक्षिण यमाची. दोन्ही मी बिनतक्रार सांभाळल्या. लग्न होऊन आल्यापासून मीनल रोज त्याच खुर्चीवर जेवते. मला आपलं वाटायचं, तिला खिडकी आवडते.

माझी आई जाऊनही बारा वर्षं झाली. ती खुर्ची मलाही चालली असती. एकदाही सुचलं नाही.

आज मी आधीच जाऊन तिथे बसले. मीनल ताट घेऊन आली आणि घुटमळली.

"उठा ना, आई," ती म्हणाली, "ती माझी जागा आहे."