पाठीवर पडण्यापुरतं तणस

गोंदिया हे आमच्या गाडीचं शेवटचं स्टेशन, हे एक बरं. झोप लागली तरी गाव मागे पडायची भीती नाही. सांगलीला चढले तेव्हा अंगात उत्साह होता. तो दौंड-मनमाडच्या मध्ये कुठे तरी उतरून गेला असावा, कारण नागपूर आलं तेव्हा माझ्याकडे फक्त आखडलेली कंबर उरली होती. नागपूरनंतर डबा रिकामा झाला. खिडकीबाहेर ऊस नाही, द्राक्षाचे मांडव नाहीत, नुसता भात. बांधीला लागून बांधी (भाताचं वाफ्यासारखं शेत), मध्ये एखादा तलाव, पुन्हा भात. इकडे त्याला धान म्हणतात. कुठे ओंब्या भरून वाकल्या होत्या, कुठे अजून हिरवं होतं. कापणीला थोडे दिवस होते. हे मी त्या वेळी नुसतं पाहिलं. त्याचा आपल्या कामाशी काही संबंध आहे हे नंतर कळलं.

काम असं होतं. धनराज माझा बी.पी.एड.चा वर्गमित्र. नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यात तो शाळेत खेळ शिकवतो. त्याचा फोन आला होता, "एक पोरगी आहे, अकरावीची. पायल. उंच उडी मारते, कैचीनं, एकेक पाय टाकून. जिल्ह्यात पहिली आली. पण विभागाले कैची पुरत नाही. पाठीवरून उडावं लागते, आन् मले ते शिकवता येत नाही. तू ये."

"आणि नाही जमलं तर?"

"विभागात पहिल्या दोघींत आली तर राज्याले जाते. राज्याले गेली का खेळाच्या वसतिगृहात जागा. नाही आली तर बारावीनंतर घरी. तिच्या घरून कॉलेज होत नाही."

एवढ्यावर मी रजा टाकली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. वडील साखर कारखान्यात ट्रॅक्टर चालवायचे. मला उंच उडीमुळे वसतिगृह मिळालं आणि वसतिगृहामुळे कॉलेज मिळालं. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं तसंच अडलेलं कळलं की मला घरी बसवत नाही. गुडघे आता कुरकुरतात, तो भाग वेगळा.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, नवेगाव? पंछी देखने? अभी नहीं आए पंछी, ठंड में आना."

"एक लड़की देखने जा रही हूँ."

"अच्छा, रिश्ते का मामला है," असं म्हणून त्याने रिक्षा एकदम सावकाश, अदबीने चालवली. बसस्टँडवर उतरवताना म्हणाला, "लड़की अच्छी मिले."

बस सडक अर्जुनीपर्यंत नीट गेली आणि तिथे तिचं मागचं चाक बसलं. नागपूर-रायपूर हमरस्ता. ट्रक अंगावर आल्यासारखे जातात. आम्ही उतारू एका ढाब्याच्या बाकड्यांवर बसलो. पोहे आले, वर लालभडक तर्री ओतलेली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. मी दोनदा घड्याळ पाहिलेलं कंडक्टरच्या लक्षात आलं असावं.

"बसा ना म्याडम, घाई कायची," तो म्हणाला. "तलाव काही आटून नाही राहिला."

तलाव खरंच आटला नव्हता. संध्याकाळी धनराज मोटरसायकल घेऊन नवेगावच्या फाट्यावर आला आणि आम्ही पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) निघालो. डावीकडे पाणी, पलीकडे डोंगर, पाण्यावर दोन-तीन डोंगे. पाहण्यासारखं होतं, पण मला फक्त आडवं व्हायचं होतं. धनराजच्या बायकोने भात, लाखोरीची डाळ आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा वाढला. मी भाकरीची सवय असलेली बाई. इतका भात पहिल्यांदाच एका बैठकीत खाल्ला आणि बोलता बोलता झोपले.

सकाळी शाळेच्या मैदानावर पायल दिसली. उंच, काटकुळी, वेणी वर बांधलेली, पायात काही नाही. दोन बांबू रोवलेले, त्यांना खिळे ठोकलेले, वर आडवी कामटी. तिने धाव घेतली, एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि पलीकडे उभीच उतरली. पोरीच्या पायात स्प्रिंग होती. मग मी ती जिथे उतरली तिथे पाहिलं. तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) ढीग. माझ्या गुडघ्यालाही आला नाही.

"यावर पाठीवर पडली तर मान मोडेल," मी धनराजला सांगितलं. "मी शिकवणार नाही."

"इतक्या दूर येऊन?"

"तू फोनवर ढिगाचं बोलला नाहीस."

तो खाली बसला. काडी मोडत म्हणाला, "दिवाळीनंतर म्हण, डोंगर उभा करून देतो. आता जुनं संपत आलं, नवं उभंच आहे शेतात. ज्याच्या घरी जे आहे ते ढोरांच्या तोंडचं आहे. आन् स्पर्धा दिवाळीच्या आधी."

तेव्हा मला खिडकीतून पाहिलेला भात आठवला. आमच्या शाळेतली उडीची गादी फाटकी का असेना, निदान ती गाईला खावी लागत नाही.

गावात मोठा ढीग फक्त टेकचंदभाऊंकडे उरला होता. पोवार शेतकरी. दोन बैलजोड्या, तीन म्हशी. आम्ही तिघं निघालो, पण त्यांच्या कुंपणापाशी आल्यावर पायल थांबली.

"चल ना," धनराज म्हणाला.

"तुम्हीच जा, सर."

"काऊन?"

"आमच्या घरी एक शेळी नाही. मी कायले तणस मागू?"

तिचे वडील धीवर, तलावात जाळं टाकणारे. जनावर नाही म्हणून तणस नाही, आणि कधी परत देता येणार नाही ते मागायचं नाही, असा तिचा साधा हिशेब होता. कॉलेजात पहिल्या वर्षी मी मैत्रिणीचे बूट मागायच्या ऐवजी अनवाणी उडले होते.

टेकचंदभाऊ बैलाची शिंगं पुसत होते. धनराजने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फडकं झटकलं.

"गुरुजी, तणस जनावराले असते. पोरी पाडाले नसते."

"दिवाळीपर्यंतच पायजे, भाऊ. वापस करतो."

"वापस काय करता? माणसानं तुडवलेलं तणस ढोर खात नाही. नाक लावते आन् निघून जाते. मी नाही शिकवलं त्याइले, त्याइचंच शिक्षण आहे."

"आणि तुडवलंच नाही तर?" मी विचारलं. "पोत्यांत भरलं तर? तोंड शिवून."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुम्ही कोणच्या?"

"सांगलीकडची. हिला शिकवायला आले आहे."

"चुंगडीत (पोत्यात) भराल. आन् एक-दोन चुंगड्या कमी आल्या तर? सांगलीहून तणस धाडाल?"

"तणस नाही आमच्याकडे. उसाचं पाचट धाडीन."

"ते आमचे बैल नाही खात," ते म्हणाले आणि हसले. मग कुंपणाकडे पाहत आवाज चढवला, "आन् जिले उडाचं आहे ते काऊन बाहेर उभी आहे? तिच्या तोंडात मासोळी आहे का?"

पायलने मान खाली घातली. आत काही आली नाही. तणस मात्र मिळालं.

त्या दिवशी उडी कुणी मारलीच नाही. धनराजने राइस मिलमधून रिकाम्या चुंगड्या आणल्या, शाळेची सगळी पोरं भरायला बसली. तणसाचं कूस अंगभर टोचतं आणि घामात चिकटतं. रात्री खाजवत झोपले. चुंगड्या रचल्या तर छातीपर्यंत आल्या, पण एकीवर पडलं की दुसरी सरकायची आणि मध्ये फट पडायची. संध्याकाळी पायलचे वडील जुनं जाळं खांद्यावर घेऊन आले. त्यांनी ते सगळ्या चुंगड्यांवरून ओढलं, कडा खुंट्यांना बांधल्या आणि हाताने दाबून पाहिलं. फट बुजली.

"आता नाही सरकत," ते मला म्हणाले. "पोरगी पडेल ना यावर?"

"पडायलाच शिकवायचं आहे."

"शिकवा. बारावीपर्यंत शाळा गावात आहे म्हणून शिकून राहिली. पुढं अर्जुनीले जा लागते. सकाळची बस येते तर येते. माझ्याकडून एवढंच जाळं."

दुसऱ्या सकाळी कळलं, की एका कोपऱ्यातली चुंगडी फाटली आहे आणि म्हैस शांतपणे रवंथ करत उभी आहे. म्हैस टेकचंदभाऊंचीच होती. धनराज म्हणाला, "तिनं आपलंच खाल्लं. हिशोबात नको धरू." आम्ही कोपरा शिवला.

पाठीवरून उडायला ताकदीआधी वेडेपणा लागतो. धावत यायचं, कामटीकडे पाठ करायची आणि न दिसणाऱ्या जागेवर अंग टाकून द्यायचं. पायलला तेच जमेना. उभ्याने नुसतं मागे पडायला सांगितलं तरी शेवटच्या क्षणी एक पाय मागे जायचा.

"मागचं दिसत नाही ना, म्याडम."

"काल तूच भरलंस ते. तिथंच आहे."

"ठाऊक आहे मले. पायाले ठाऊक नाही."

मी स्वतः पडून दाखवलं. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनिशी, साडेतीन डझन पोरांसमोर. उठताना धनराजला हात द्यावा लागला. पायल हसली आणि त्या हसण्यातच मागे पडली. मग दिवसभर पडतच राहिली.

धनराजचा एक नियम मला आवडला. उडी झाली की त्याच ढिगावर पुस्तक. सहामाहीचा भूगोल राहिला होता. पायल चुंगड्यांवर पालथी पडून वाचायची, मी प्रश्न विचारायची. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. पाहते तर पुस्तकावर गाल ठेवून झोपलेली. तिच्या शेजारी मी टेकले, तर मलाही उठवेना. खेळाडू घडवणं म्हणतात ते जवळून असं दिसतं, दोन दमलेल्या बाया आणि एक भूगोल.

"म्याडम," तिने डोळे न उघडता विचारलं, "तुम्ही राज्याले पहिल्या आल्या होत्या?"

"नाही. चौथी."

"मंग?"

"मग काय. बी.ए. झाले."

शेवटच्या सकाळी कामटी तिच्या कैचीच्या उंचीवर लावली. टेकचंदभाऊ बैलगाडी थांबवून पाहत होते. पायल धावली, वळली, कंबर वर गेली, खांदे पलीकडे गेले. सुरेख गेली. टाच लागली आणि कामटी तिच्यामागून खाली आली. पुन्हा टाच. पुन्हा टाच.

"म्हैस तरी बरी उठते," गाडीवरून आवाज आला.

"म्हशीले टाच नसते, काका," पायल पडल्या पडल्या म्हणाली.

माझी वेळ झाली होती. अर्जुनीला गाडी पकडायची होती; ही रेल्वेवरची अर्जुनी, बस अडली ती सडक अर्जुनी वेगळी. तिला कामटी न पाडता ओलांडताना मी पाहिलंच नाही. निघताना तिला सांगितलं, सुरुवातीच्या उंच्या कैचीने काढ, शेवटची पाठीने. अर्जुनीच्या फलाटावर बाकावर बसले तर सॅकमधून तणसाच्या काड्या पडल्या. गोंदियापर्यंत मी त्या वेचत होते. तिथून घरापर्यंत झोपले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी फोन आला. पायलच होती.

"तिसरी आली, म्याडम."

दोघीच जाणार होत्या.

"पाठीनं गेली मी. टाच नाही लागली. जिल्ह्यापेक्षा वर गेली. पण त्या दोघी आणखी वर गेल्या." मग म्हणाली, "गादी लय मऊ होती. उठालेच नाही होत होतं."

"भूगोल?"

"पास."

एक वर्ष हातात होतं. बारावी अजून यायची होती. पण मला आधी चुंगड्या आठवल्या. "तणस परत दिलं?"

"सगळं. सरांनी मोजून दिलं. बैलाइनं नाक लावलं आन् खाल्लं. काका म्हणे, पोरीचा वास नाही आला." मागे कुणी तरी धान झोडपत असल्याचा आवाज येत होता. "नवं निघून राहिलं आता. मी काल गेली होती."

"कुठं?"

"काकाइकडं. पुढच्या वर्षीचं आताच मागून ठेवलं. सर नव्हते संग."

"काय म्हणाले?"

"म्हणे, येवढ्या लवकर कायले आली, धान तर झोडू दे. मंग म्हणे, पाहू."

मी फोन ठेवला. सॅक अजून कोपऱ्यात तशीच पडली होती, झटकायचीही राहिली होती. आमच्या शाळेत उडीची गादी आहे. कव्हर फाटलेलं आहे, ते शिवायचं मी कित्येक दिवस पुढे ढकलत होते. उठले, सुई-दोरा शोधला. सुई आधी बोटाला लागली, मग कापडाला.