गोठलेली डाय

दुपारी लाइट परत आली तेव्हा मशीनमधलं पॉलिएस्टर गोठून दगड झालं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये मी प्रॉडक्शन इंजिनिअर होतो. पॉलिएस्टरचे दाणे वितळवून त्यांची अखंड तार ओढायची आणि ती तोंडवली, मालवणकडच्या मच्छीमारांना जाळ्यांसाठी विकायची, असा शेठचा बेत. थ्री-डी प्रिंटरसाठी आज रिळावर जी तार मिळते, तशीच ती दिसायची. पण जमत नव्हती. पॉलिएस्टर हवेतला ओलावा शोषतं. दाणे नीट वाळले नाहीत, तर तारेत बुडबुडे येतात आणि ती काडीसारखी मोडते. आमच्याकडे हवा कोरडी असते कधी?

त्या दिवशी घाऊक माल घेणारी मुंबईची पार्टी सॅम्पल बघायला निघाली होती. ऑपरेटर सदाने हीटर चालू केले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "साहेब, दिवो लागलो आसा, पण डाय गरम जाणा नाय."

डाय म्हणजे मशीनचं तोंड. तिच्या भोकातून तार बाहेर येते. मी तपासलं. व्होल्टेज वाढून डायचा हीटर जळला होता. म्हणजे मागे माल वितळलेला, पुढे घट्ट बूच आणि मध्ये तापलेल्या मालातून सुटून कोंडलेला गॅस. मी सगळे हीटर बंद केले.

"पूर्ण थंड होऊ दे. मग हीटर बदलू," मी सांगितलं.

शेठ तिथेच होते. "पार्टी कसालला पोचली असेल, आता येईलच. डायचे बोल्ट सैल करा, अडकलेलं निघून जाईल."

"माल अंगावर उडेल, शेठ."

"तुमच्या पुस्तकात उडत असेल."

मशीनला हात लावू नकोस, असं सदाला बजावून मी हीटर आणायला स्टोअरमध्ये गेलो. तिथेच फाटकन आवाज ऐकला. धावत आलो तर सदा खाली बसला होता. वितळलेलं पॉलिएस्टर त्याच्या चेहऱ्याला चिकटलं होतं. ते ओढून काढता येत नाही, कातडी निघते. आम्ही पाणी ओतत राहिलो.

"शेठनी सांगितलां," एवढंच तो म्हणाला.

हॉस्पिटलात त्याची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक डोळो गेलो म्हणतत. दुसरो तरी रवतलो मां, साहेब?"

मला माहीत नव्हतं. दुसरा राहिला, पण अंधुक.

फॅक्टरी इन्स्पेक्टरला शेठनी सांगितलं की कामगाराने परस्पर बोल्ट काढले. सदा आणि शेठ काय म्हणाले होते ते मी सांगितलं. संध्याकाळी शेठनी मला उद्यापासून येऊ नका म्हटलं. तार शेवटपर्यंत जमली नाही. पुढे युनिटही बंद पडलं. सदा घरी बसला, बायको काजूच्या कारखान्यात जाऊ लागली.

त्यानंतरच्या प्रत्येक नोकरीत मशीन अडली की बोल्ट उघडायचा पाना मी माझ्याजवळ ठेवला. तोंडी सूचना सगळ्यांना ऐकू जाते. कोणाची मानायची, ते पगार देणारा ठरवतो.