नाथसागरावरचे कुरव आणि शेवेची पुडी

मराठवाड्याला समुद्र नाही. समुद्रावर गेल्यासारखी वागणारी माणसं मात्र मुबलक. जानेवारीत आमच्या हर्सूलच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक व्हिडिओ फिरत होता. जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या पाण्यात होडी, होडीत काळे चष्मे, डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा गोंगाट आणि खाली मथळा, ‘आपला मिनी गोवा’. नाक मुरडून मी फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात पक्ष्यांकडे नीट नजर गेली. खाली ‘वा, बगळे’ म्हणून अंगठे दाखवणाऱ्या साठ जणांपैकी एकालाही कळलं नव्हतं, पण ते कुरव होते, म्हणजे समुद्रावरचे सीगल.

कन्नडच्या शाळेत सातवीला आम्हाला समुद्राची एक कविता होती. तीत लाटांवर शुभ्र पक्षी झेपावायचे. गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी फळ्यावर एक सुंदर बगळा काढला, आणि आम्ही तो बगळा डोळ्यांपुढे ठेवून कविता पाठ केली. खरा कुरव मला पुढं कितीतरी वर्षांनी एका पुस्तकातल्या चित्रात भेटला. तोवर ती कविता लग्नानंतर सुमनला म्हणून दाखवली होती, आणि ते पक्षी दाखवायचा शब्दही देऊन बसलो होतो.

शब्द राहिला. नोकरी साखर कारखान्यात. कुरव यायचे हिवाळ्यात आणि उसाचं गाळपही हिवाळ्यातच. तेव्हा रजा मागणं म्हणजे साहेबांची करमणूक करणं. एकदा मे महिन्यात रत्नागिरीला गेलो. समुद्र होता, घाम होता, पक्षी केव्हाच उत्तरेला गेले होते.

आता सुमनच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग धरलाय. समोर बघितलं की समोरचंच दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. उरलंय ते किती दिवस राहील, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. म्हणून ठरवलं, मिनी गोवा तर मिनी गोवा, पण याच हिवाळ्यात.

सकाळी सहाला निघालो. गाडी ओळखीच्या सलीमची. पैठण रस्ता चितेगावपर्यंत बरा, पुढं जागोजागी खोदलेला. पन्नास-पंचावन्न किलोमीटरला पावणेदोन तास धरा. बिडकीनला चहा चांगला मिळतो, पोहे घेऊ नका, ते आदल्या दिवशीचे वाटले. आम्ही कशासाठी चाललोय हे ऐकून सलीमनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, “चाचा, बगलेच देखने थे तो हर्सूल के तलाव पे दिखाता ना मैं. पैदल का रास्ता है.”

पैठणच्या अलीकडे आत वळून एका गावाच्या काठावर होड्या लागतात. तासाचे माणशी दोनशे. लाइफ जॅकेट मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागा. काठावर पक्षी बघायच्या दुर्बिणी वगैरे काही मिळत नाही. पक्ष्यांना टाकायला शेवेच्या पुड्या मिळतात. चौघांचं एक कुटुंब दहा पुड्या घेऊन उभं होतं. बापाच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा, आणि तो लेकरांना समजावत होता की पुस्तकात कुरवांची डोकी तपकिरी आहेत, त्याअर्थी हे कुरव नव्हेत. हिवाळ्यात डोकं पांढरं होतं, कानामागं एक काळा ठिपका तेवढा उरतो, हे मी सांगितलं. शेवेबद्दलही ऐकवलं. मीठ, तेल, बेसन पोटात घेऊन मासे धरायची सवय मोडलेला पक्षी लडाख-तिबेटच्या वाटेवर काय खाणार? त्यानं सॉरी अंकल म्हणून अकरावी पुडी घेतली.

अशांच्या होडीत बसणं शक्यच नव्हतं. सहा जणांचे पैसे भरून अख्खी होडी आमच्यासाठी घेतली, अट एकच, शेव नाही. होडीवाले एकनाथ भोई पन्नाशीचे, शांत. म्हणाले, “शेव टाकल्याबिगर ती जवळ येत नायत, बाबा.”

“नको येऊ देत,” मी म्हणालो. ज्यांचे डोळे धड आहेत त्यांना पक्षी मांडीवर कशाला लागतात?

पाणी शिशासारखं सपाट होतं. लांब एका उघड्या पडलेल्या बेटाशी शंभरेक कुरव तरंगत होते, त्यांच्यावरून दोन सुरय पक्षी तीरासारखे गेले. इतक्या वर्षांनी माझी कविता समोर उभी होती. मी सुमनला बोट दाखवलं. तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

“पांढरं काहीतरी लुकलुकतंय,” ती म्हणाली. “पाणीच असेल.”

एकनाथांनी इंजिन बंद करून वल्ह्यानं होडी पुढं नेली. पक्षी तेवढेच मागं सरकले. तिकडं त्या कुटुंबाच्या होडीवर मात्र सगळा थवा कोसळला होता. सुमन त्या कलकलाटाकडं कान देऊन बसली. मागितलं तिनं काहीच नाही. बायको भांडली असती तर मी तत्त्वाला चिकटून राहिलो असतो.

मी एकनाथांना विचारलं, पुडी आहे का. फळीखाली हात घालून त्यांनी काढली. “ठिवलीच होती. नाय म्हणणारे बी मागतेत मागून.”

मी शेव उडवली. अर्ध्या मिनिटात ते आमच्याभोवती होते, वाऱ्यावर लटकल्यासारखे, इतके जवळ की पंखांची हवा तोंडाला लागावी. सुमननं तोंड उजवीकडं, धरणाच्या भिंतीकडं वळवलं. मला वाटलं, घाबरली.

“हं,” ती म्हणाली. “आला. पाय लाल आहेत हो याचे. आणि डोळा... पांढराच आहे की.”

तिनं तळहातावर शेव धरली. एकानं ती उचलली. पुडी संपेपर्यंत तिनं हात मागं घेतला नाही. शेजारच्या होडीतून तो कॅमेरेवाला आमचं चित्रण करत होता. उद्याच्या कुठल्याशा मिनी गोव्यात शेव उधळणारा म्हातारा दिसला, तर तो मी. शिव्या द्यायला हरकत नाही.

जाणार असाल तर फेब्रुवारीच्या आत जा, सकाळी जा, दुर्बीण न्या आणि लांबून बघा. तेवढ्यानं भागत नसेल तर घरी बसा. बगळे सगळीकडं आहेत.

पैठणला दर्शन, जेवण करून दुपारी चारला घरी पोहोचलो. चहा घेताना सुमननं विचारलं, “त्या शेवेनं खरंच काही होतं का हो त्यांना?”

माझं काठावरचं भाषण तिनंही ऐकलं होतं. खोटं बोलायला तोंड उघडलंही होतं मी.

“होतं,” मी म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकीकडं तोंड करून बसली. म्हणजे माझ्याकडंच बघत होती.

“मग परत नको जायला,” ती म्हणाली. “मला दिसले.”