सिस्टरना झेंडू नको होता

भर फुलावर आलेल्या झाडाला कात्री लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या सिस्टर. लव्हेंडरच्या जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या नुकत्या कामाला लागलेल्या असायच्या, रस्त्यावरची पाहुणेमंडळी फोटोसाठी गाडी थांबवायची, आणि सिस्टर खुर्ची ओढून कचाकच कापायला बसायच्या. कोणी हळहळलं की म्हणायच्या, "तुमाला बघायला न्हाई लावलं. पुढं व्हा."

सिस्टर मूळच्या लोणीच्या. सगळी नोकरी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर नारायणगावजवळ, आमच्या द्राक्षबागेच्या बांधाला लागून दोन खोल्या बांधल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्याला. पंचक्रोशीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी लहानपणी सुया टोचलेल्या. त्यामुळे भलेभले मिशीवालेसुद्धा त्यांच्या ओट्यावर एका बाजूवर बसायचे. मला तर त्या चारचौघांत सांगायच्या, "ह्याला मी मागनं आधी वळखते, पुढनं नंतर." माझी बायको हे ऐकून पदर तोंडाला लावून हसायची, आणि मी आपला चहाकडे बघायचो.

तो चहाही सुखासुखी मिळत नसे. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, साबणाने, बोटांच्या बेचक्यांतून. सिस्टर शेजारी उभ्या राहून बघायच्या. स्वतःच्या हातांबद्दल मात्र त्यांची वेगळीच तक्रार होती. "इतकी वर्षं फिनेल. भाकरी खाल्ली तरी फिनेल, लेकराचा मुका घेतला तरी फिनेल." पुण्याच्या भाचीनं लव्हेंडरची एक कुंडी आणून दिली, त्या दिवशी सिस्टरनी पाला चुरगळून हात हुंगले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सिस्टर गप्प बसल्याचं मला आठवतंय ते तेवढंच. नाही, आणखी एकदा बसल्या होत्या, ते माझ्यामुळे. सांगतो.

त्या एका कुंडीच्या काड्या लावून त्यांनी बारा झुडपं केली. आम्ही बागाईतदार माणसं, झाडाला खाऊपिऊ घालणं हाच आमचा धर्म. मी प्रेमानं शेणखताची पाटी घेऊन गेलो तर सिस्टरनी फाटकातूनच परत पाठवली. त्यांनी उंच गादीवाफे केले, त्यात अर्धा मुरूम नि वाळू भरली, आणि पाणी हात आखडून. पावसाळ्यात वर पत्रा. "ह्येला उपाशी ठेवलं की फुलतंय. लाड केले की मरतंय." गावाचं मत असं पडलं की सिस्टरचं डोकं फिरलंय आणि त्या फुलांना बामचा वास येतो.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर सिस्टरना बारा महिने फुलं हवी होती. दोन नाही, चार नाही, बारा. कारण विचारलं तर भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांचं हृदय कमजोर असल्याचं सांगितलं होतं. "मी गेले की तुमी समदे झेंडूच्या माळा घिऊन येणार. आमच्या बौद्धांत पांढरी फुलं घालत्यात, पण तुमाला कोण सांगणार? झेंडू तुमी दसऱ्याला ट्रॅक्टरला घालता. मी काय ट्रॅक्टर हाय? माझ्या हातात हेच पायजे. जाताना तरी फिनेल नको."

"पण बारा महिने कशाला?" मी म्हणालो.

"मरण काय महिना सांगून येतंय व्हय रं?"

म्हणून चार-चार झुडपांच्या तीन ओळी. एक ओळ फुलात, दुसरी कळीत, तिसरी नुकती कापलेली. फुलांचा रंग उतरायला लागला की वाट बघायची नाही, बी धरू द्यायचं नाही, खालची हिरवी पानं राखून दांडा उडवायचा. दीडेक महिन्यात परत तुरे. प्रत्येक झुडपाला काठीला बांधलेलं लसीकरणाचं कार्ड होतं, बाळांचं असतं तसलं. त्यावर छाटणीची तारीख आणि पुढची तारीख. तारीख चुकली तर सिस्टर झुडपाचीच माफी मागायच्या. माणसांची त्यांनी कधी मागितलेली नाही.

आणि मग एका एप्रिलमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनला त्या महिनाभर पुण्याला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सुकलेली फुलं तेवढी काढ. बाकी हात लावू नगं." पण एप्रिल म्हणजे आमची खरड छाटणी. द्राक्षाची वेल जुन्या लाकडापर्यंत खरवडून कापायची, की नव्या जोमदार काड्या फुटतात. माझे वडील करत, मी करतो, माझ्या हाताला दुसरं काही माहीतच नाही. बागेत मजूर होते, कात्र्यांना धार होती, आणि माझ्या मनात सिस्टरबद्दल माया दाटून आली. म्हटलं, बाई काय नुसती शेंडे कुरतडत बसते, एकदा नीट छाटणी करून देऊ. बारापैकी अकरा झुडपं लाकडापर्यंत भादरली. वर पाटीभर शेणखत दिलं आणि आमच्या ठिबकची एक नळीही सोडली. बारावं झुडूप वाचलं, कारण त्याच्या बुडाशी आमची कुत्री व्यायली होती आणि ती चावली.

लव्हेंडर लाकडातून फुटत नाही, हे सगळ्या जगाला माहीत होतं म्हणे. सिस्टर वॉकर घेऊन परत आल्या तेव्हा अकरा खुंट काळे पडले होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. हीच ती दुसरी वेळ. मग म्हणाल्या, "द्राक्षं कधी धरायची?"

मी रडलो. खोटं कशाला बोलू, पन्नाशीचा माणूस बांधावर बसून रडलो. सिस्टरनी रडू दिलं, मग हात धुवायला लावले आणि अकरा कार्डं पुढ्यात टाकली. प्रत्येकावर 'मयत' लिहायचं आणि खाली कारण. कारण त्यांनी सांगितलं: बागाईतदार. अकरा वेळा लिहिलं.

"आता मला मरायची बी सोय ऱ्हायली न्हाई," त्या म्हणाल्या. "फुलं येईपर्यंत मला जिती ठेवायची जबाबदारी तुझी."

बाराव्या झुडपाच्या कोवळ्या काड्या आम्ही वाळूत लावल्या. मी रोज सकाळी जायचो. आधी सिस्टर जिवंत आहेत का ते बघायचं, मग काड्या. दोघींपैकी कोणीही मान टाकली असती तर मी कामातून गेलो असतो. त्यांनी मला कात्री धरायला नव्यानं शिकवलं. माझा हात खाली लाकडाकडे गेला की बोटांवर पट्टी बसायची. "हिरवं सोड. हिरवं सोडलं की परत येतंय." एक उन्हाळा, एक पावसाळा गेला, आणि पुढच्या थंडीत तिन्ही ओळी परत उभ्या राहिल्या.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सकाळी गेलो तर दार उघडं नाही. सिस्टर झोपेतच गेल्या होत्या.

मुलगा आला, लोणीची मंडळी आली, ओट्यावर बुद्धमूर्ती ठेवून वंदना झाली. गाव झेंडूच्या माळा घेऊनच आलं, त्या मी फाटकाबाहेर ठेवायला लावल्या. लोक माझ्यावर चिडले. मग मी कात्री घेऊन वाफ्यात गेलो. एक ओळ भरून फुललेली. बायको हळूच म्हणाली, "समदी नका कापू हो, वाफा बोडका दिसंल."

"कापली तरच येतात," मी म्हणालो. खालचं हिरवं राखत एकेक दांडा कापला. हात एकदाही लाकडापर्यंत गेला नाही. ओंजळ भरून सिस्टरच्या हातांत ठेवली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालंच, "बामचा वास येतोय." सिस्टर असत्या तर त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले असते.

संध्याकाळी कार्डांवर तारीख लिहायला गेलो. पुढची तारीख मी घातली, दीड महिन्यानंतरची. आणि होळीच्या सुमाराला बघतो तर ज्या दांड्यांवरून सिस्टरसाठी फुलं कापली, तिथूनच परत तुरे निघालेले. गच्च. मला सिस्टरची फार आठवण आली. बघतच उभा राहिलो, तसं सिस्टर आतून खेकसल्यासारखं वाटलं: बघायला न्हाई लावलं. रंग उतरेपर्यंत थांबलो आणि कापली.

त्या दिवशी जेवायला तसाच बसलो. बायको ओरडली, आधी हात धुवा. नाही धुतले. चतकोर भाकरी मोडून तोंडाशी नेली की तो वास येत होता. सिस्टरनी पाहिलं असतं तर सुईच काढली असती.