धोंडू मिस्त्रींची गाडी

लग्नाला निघालो तरी आमचा मामा गाडीखाली झोपायचा. वऱ्हाडाचा जुना ट्रक दासगावला थांबला, की बायका पाणी प्यायला उतरत आणि मामा पांढऱ्या शर्टासकट चाकांमागे गडप होई. आई कपाळावर हात मारी. "शर्ट धुता येतो, ताई. अशी गाडी पुन्हा भेटत नाही," असं खालून उत्तर येई.

तो महाडला शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याआधी, तरुणपणी, मुंबईला लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांच्या यार्डात त्याने काही वर्षं नोकरी केली होती. तिथे त्याला एका जातीच्या गाड्यांचं वेड लागलं. पुढे ट्रकसारखी चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे. त्यातली अस्सल लष्करी कुठली आणि साध्या ट्रकला मागाहून पट्टे जोडलेली कुठली, हे तो ओळखे. महाडकरांनी त्याला पट्टेवाले मास्तर करून टाकलं. नवख्याला तो शाळेचा शिपाई वाटे. मामाला त्याचं काही नसे. गाडीला कोणी चुकीच्या नावाने ओळखलं की मात्र तो भडकायचा.

त्याची परीक्षा साधी होती. सांगाड्याला पाडलेली भोकं तो बोटाने चाचपून पाही. "कारखानाही चुकतो," तो म्हणे, "पण दर भोकाला तीच चूक करतो. माणूस दर वेळी नवी करतो."

ऐंशीच्या सुमारास त्याला पोलादपूरहून बोलावणं आलं. मीही सोबत गेले. तिथे वारलेल्या धोंडू मिस्त्रींच्या अंगणात तशी एक गाडी पडून होती, एके काळी डोंगरातून लाकूड ओढणारी. मिस्त्रींच्या भावाने ती मुंबईच्या एका शौकिनाला परस्पर विकली होती. शौकिनाला मास्तरांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की गाडी विलायती आहे, लढाईतून आलेली आहे. मिस्त्रींची बायको, शेवंताकाकू, दारात उभी होती.

"ही ह्यांनी बनवलेली हाय," ती म्हणाली. "पन माजं कोन ऐकत नाय."

मामा खाली शिरला. बाहेर आला तो कोपरापर्यंत गंजाने माखलेला आणि भलताच खूश.

"एक भोक दुसऱ्याशी जुळत नाही. आणि पट्ट्यांचे तुकडे बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा कापून केलेत. कुठल्या विलायतेत बैलगाड्या चालतात? ही गाडी मिस्त्रींची."

"मास्तर, हो म्हनायला तुमचं काय जातंय?" भाऊ चिडला.

"माझं काही जात नाही. तुझ्या भावाचं नाव जातंय."

शेवंताकाकू पायरी उतरून आली. बॉनेटवर हात ठेवून दिराला म्हणाली, "आता आयकलंस?"

शौकीन नुसता हसला. सौदा झालेला होता, गाडी तो नेणारच होता. "मी तर विलायतीच सांगणार. मुंबईत कोणाला कळणार आहे, मास्तर?"

"तुम्हाला कळलंय ना," मामा म्हणाला. "आता विसरून दाखवा."

त्या दिवशी मामाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा मला पुन्हा कोणाचा वाटला नाही. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली, शेवंताकाकूही गेली. गाडी कुठल्याशा प्रदर्शनात लढाईतली म्हणून मिरवते, असं कानावर येतं. खुशाल मिरवू दे. ती पोलादपूरच्या धोंडू मिस्त्रींनी केली. भेटेल त्याला मी हे सांगते, आणि आता तुम्हालाही सांगितलंय.