सासूबाईंना नांदेडला नेलं

आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे एक प्रश्नपत्रिका. क्लासच्या सरांनी हातानं लिहून दिलेली. मी वाचायचो, बायको टाईप करायची. कैक वर्षं आमचं हेच चाललेलं.

"हळू वाचा की. एसटी सुटून चाललीय का तुमची?"

"तुझी बोटं म्हातारी झाली, त्याला मी काय करू?"

"बोटांचं सोडा, चष्मा पुसा आधी."

मी चष्मा पुसला आणि वाचलं, "विहिरीत सोडलेल्या दगडाचा आवाज चार सेकंदांनी ऐकू आला, तर विहिरीची खोली किती?" ती 'तर विहिरीची' इथवर आली अन् लाईट लपलप करायला लागली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सासूबाईंना झोपवते. राहिलेलं सकाळी करू." मी शटर ओढलं, कुलूप तिनं लावलं. सकाळ झाली, ती उठली नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

सासूबाई म्हणजे कॉम्प्युटर. तेही सांगतो.

आमचं गाव औशाकडचं. भूकंपात घर गेलं, जीव राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना तिथं टायपिंगचा वर्ग निघाला, त्यात ती जाऊन बसली. मी चौथी शिकलेला, ती सातवी. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास झाले. लांबलांबची पोरं पुस्तकं घेऊन यायला लागली. क्लास म्हणलं की पेपर आले. आम्ही एक गाळा घेतला. ती टाईप करायची, मी झेरॉक्स काढायचो.

तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम जुना. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. आमची पोरगी नांदेडला विष्णुपुरीकडं राहते, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला आहे. जुना डबा मरायला टेकला तेव्हा ती आली आणि म्हणाली, "आई, तुझा जुना कॉम्प्युटर या नव्याच्या पोटात बसवलाय. ही खिडकी उघडली की तो चालू." प्रोग्रामच्या कंपनीकडून त्या आतल्या मशीनच्या नंबरावर परवानगीही घेतली. पुढं ती कंपनीच बंद पडली.

बायको म्हणाली, "म्हणजे सासूच की. घरात नवी सून आली तरी आत बसून हुकूम हिचाच." तेव्हापासून सासूबाई. सासूबाईंना झोपवता यायचं. जसं चालू आहे तसं थांबायचं, अन् उठवलं की अर्ध्या ओळीपासून पुढं.

बायको गेल्यावर कित्येक महिने मी सासूबाईंना उठवलं नाही. सरांनीही तगादा लावला नाही. "सवडीनं द्या, पुढच्या बॅचला वापरू," म्हणाले. मग कॉम्प्युटर करकर आवाज करायला लागला. पोरगी धावत आली.

"आबा, ही डिस्क जाणार. सासूबाईंना नांदेडला नेऊ. तुम्ही पण चला."

"माझं नंतर बघू. हिला उचल अन् ने. झोपलीय तशीच."

"तसं जमत न्हाई. माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर वेगळा हाय. झोपेतली नेली तर तिथं उठायची न्हाई, अन् आईनं सेव्ह न केलेलं पान जाईल. इथंच उठवायची, पान सेव्ह करायचं, नीट बंद करायची, मग अख्खा फोल्डर उचलायचा."

"बंद करायची न्हाई!" मी ओरडलो. "तुझ्या आईनं झोपवलीय. सकाळी पुढं करायचं म्हणून."

पोरगी माझीच. ती म्हणाली, "आबा, सकाळ होऊन किती महिने झाले?"

मला माझा बाप आठवला. भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, तेव्हा तो पडक्या घरासमोर ठाण मांडून बसला होता. हे घर होतं तसं उभं करा, मगच उठतो म्हणे. आईनं ढिगाऱ्यातून दाराची चौकट ओढून काढली आणि बैलगाडीत टाकली. बाप मुकाट चौकटीमागं चालत आला.

"उठव," मी म्हणालो.

पान जसंच्या तसं आलं. 'तर विहिरीची'. पुढं ती उभी रेघ उघडमीट करून राहिली होती. पोरीनं विचारलं, "पुढचं टाकू?" म्हणलं, नको, इथंच सेव्ह कर. तिनं सेव्ह केलं, सासूबाईंना बंद केलं, आणि फोल्डर एका छोट्या डिस्कवर घेतला. ती डिस्क मी उपरण्यात गुंडाळून पोरीच्या गाडीत नांदेडपर्यंत मांडीवर धरली.

"आबा, अंडी न्हाईत ती."

"तू समोर बघ."

तिच्या घरी फोल्डर उतरवून खिडकी उघडली, तर कॉम्प्युटर विचारतो, हे मशीन हलवलंय की कॉपी केलंय? पोरगी म्हणाली, "लातूरला एक हायच की. म्हणजे कॉपी." अन् बटण दाबलं. सासूबाई उठल्या, पण प्रोग्राम काही उघडेना. हे मशीन ओळखीचं नाही म्हणायला लागला.

पोरीनं कपाळावर हात मारला. "कॉपी म्हणलं की हिला नवा नंबर मिळतो. परवानगी जुन्या नंबरावर हाय."

"मग? गेलं सगळं?"

"न्हाई. डिस्कवर हाय तसंच हाय. परत उतरवते, अन् या वेळी हलवलं म्हणते. पण आबा, मग लातूरची पुन्हा चालू करायची न्हाई. एका नंबराच्या दोघी चालवायच्या नसतात."

मी जन्मभर झेरॉक्स काढल्या. प्रत गिऱ्हाईकाच्या हातात जाते, मूळ कागद काचेवर तसाच राहतो. माझ्या लेखी काचेवरचं मूळ म्हणजे लातूरचा गाळा, बायकोची खुर्ची. मला वाटलं होतं, पोरीकडं एक प्रत ठेवू आणि आपण माघारी जाऊ. आता मूळच उचलून आणलं म्हणायचं होतं.

पोरगी थांबली होती. बटणाला हात लावला नव्हता.

"हलवलं म्हण," मी म्हणालो.

प्रोग्राम उघडला. तिचे सगळे पेपर ओळीनं होते. 'तर विहिरीची'ही होतं. पोरीनं डोळे पुसले आणि विचारलं, "आता करायचं का पुढं?"

"न्हाई. झोपव तिला. सकाळी करू."

सकाळी आंघोळ केली, चष्मा पुसला. सरांचा कागद पिशवीतून काढला आणि पोरीच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसलो. तिनं सासूबाईंना उठवलं.

"खोली किती," मी वाचलं.

तिनं टाईप केलं. मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

"हळू, आबा," ती म्हणाली.