टॉवरवरचा जोड

राहात्याजवळच्या त्या सामुदायिक रेडिओवर बोलणारे पुष्कळ आले अन् गेले. कोणाचं नाव झालं, कोणाचा फोटो पेपरात आला. पण खोलीतल्या मशीनपासून टॉवरच्या टोकापर्यंत आवाज नेणारी केबल, ती सहादेवची. टेलिफोनच्या लाइनीवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पाट सगळीकडं सारखाच रुंद पायजे बाबा. मधीच बारकी मोरी टाकली की पानी माघारी फुगतं. आवाजाचंबी तसंच हाय. माघारी फिरला की मशीन जाळतो."

पुढं गुडघे बोलायला लागले. तेव्हा त्यानं बायकोचा, मनकर्णेचा धाकटा भाऊ हाताशी घेतला. सूर्यभान. आपल्या ताटातलं वाढावं तसं शिकवलं त्याला. जोडावरची टेप खालून वर गुंडाळायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. अन् शेवटचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला नखानं सोडवता येतं. ही दुमड सहादेवची स्वतःची. त्यानं ती दुसऱ्या कोणाला दाखवलीच नव्हती.

"दाजी, तुमी खाली बसा, मी हाय की," म्हणत सूर्यभान टॉवर चढायचा. सहादेवला केवढं कौतुक! मनकर्णेला सांगायचा, तुझा भाऊ सोनं हाय.

अन् मग आवाज खचला. लांबच्या वस्तीवरून छबूबाईचा फोन आला, "भाजीपाल्याचा भाव सांगताय का भजी तळताय? नुसतं चरचर!" माघारी फिरलेला आवाज दाखवणारा मीटरवरचा काटा वर चढला, मशीन एकदा जळलं, दुरुस्त होऊन आलं अन् पुन्हा जळलं. सहादेवनं मशीनचा खिळा न् खिळा तपासला. केबल? ती सूर्यभाननं वरून खालपर्यंत बघितली होती. "टकाटक हाय, दाजी."

टकाटक म्हणे! अन् त्याच सूर्यभाननं केंद्राच्या राजेश्वरी मॅडमना हळूच सांगितलं की दाजींचं आता वय झालं, हात थरथरतो, जोड नीट बसत नाहीत. मॅडम तरी काय करणार? पुढच्या महिन्यापासून काम सूर्यभानकडं, असं ठरलं. सहादेवला वाटलं, जागा जाऊ दे, पण 'म्हाताऱ्यानं मशीन जाळलं' हा डाग घेऊन कसं जायचं?

"एकदा मीच चढतो," तो म्हणाला. सूर्यभान नको नको म्हणत राहिला. पण मॅडम हो म्हणाल्या. प्रक्षेपण बंद केलं, सहादेवच्या कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक धरायला खाली सूर्यभानच.

निम्म्याच्या वर पोचल्यावर केबल एका जागी जाड लागली. टेप खालून वर. शेवटचं टोक दुमडलेलं.

सहादेवनं नखानं ते सोडवलं. आत हातभर टीव्हीची बारीक केबल, दोन्हीकडून नीट जोडलेली. बारकी मोरी! मुद्दाम, ऐन वाटेत, जिथं त्याचे गुडघे पोचणार नाहीत अशा उंचीवर. त्याला रागही धड येईना, नुसतं रडूच येत होतं.

त्यानं खाली बघितलं. सूर्यभान दोर धरून वर बघत होता, तोंड उघडं.

सहादेवनं कमरेची गाठ सोडली. दोर खाली पडला.

"अहो सहादेवभाऊ!" मॅडम ओरडल्या. तो मोकळाच उतरला, एकेक पाय चाचपत. खाली येऊन त्यानं कापून आणलेला तुकडा मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, सूर्यभानकडं बघितलं, अन् म्हणाल्या, "वरून खालपर्यंत केबल तूच बघितली होतीस ना?"

"दाजी..." सूर्यभान पुढं आला.

"टोक दुमडून ठेवलंस ते बरं केलंस," सहादेव म्हणाला. "सोडवायला तरास झाला न्हाई. आता घरी जाऊन तुझ्या बहिनीला तूच सांग, म्या काय शिकवलं हुतं ते."